रिकामा रकाना

परवा मंदिरातून परतताना एका मैत्रिणीनं विचारलं, "अगं, तुम्ही गिऱ्हाइकांना दिवाळीचे मेल पाठवता ना, ते कुठल्या सॉफ्टवेअरवरून? माझ्या लेकीला तिच्या साड्यांच्या धंद्यासाठी पाहिजे आहे." नाव सांगून मी मोकळी होऊ शकले असते, पण ते तोंडातून निघेना. म्हटलं, "दुपारी घरी ये, सांगते." ती आली, चहा झाला, आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून ती उठली, तरी आम्ही नावापर्यंत पोचलो नव्हतो.

आमचा धंदा तसा लहानच. बेळगावात शहापूरच्या जुन्या घरात सासूबाईंनी पस्तीस वर्षांपूर्वी सुरू केलेला. सगळं बिनकांद्या-लसणाचं. शेंगाचटणी, मेतकूट, भाजणी, उडदाचे पापड, कुरडया आणि दिवाळीला चकल्या-शंकरपाळी. लेकीबाळी लग्न होऊन पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेल्या, तिथं पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी आत काय असेल याचा भरवसा नसायचा. सासूबाईंच्या डब्यावर असायचा.

गिऱ्हाइकांची यादी म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही. तीत नावं कमी आणि ओळख जास्त. "अनगोळची थोरली." "बँकेतली." "हुबळीची, तिखट कमी." "पुण्याची, लेक डिसेंबरात येते, तेव्हा भाजणी जास्त." दिवाळीच्या आधी दीड महिना सासूबाई ती वही घेऊन झोपाळ्यावर बसायच्या आणि एकेकीला फोन लावायच्या. फोन चटणीचा, पण बोलणं सगळं घरचं.

2021 साली सासूबाई गेल्या. पुढच्या वर्षी सून आली, निपाणीची, संगणकात हुशार. एक दिवस वही चाळत म्हणाली, "आत्ती, ही भिजली किंवा वाळवी लागली तर काय करायचं?" मी गप्प झाले. मला फोनवर बोलायला सासूबाईंसारखं जमत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की ते शंभर फुलांच्या शुभसकाळीत बुडून जायचं. सून म्हणाली, "मेल पाठवू या. सुंदर दिसेल आणि प्रत्येकीला तिच्या नावानं जाईल."

'प्रत्येकीला तिच्या नावानं' या शब्दांनी मी भुलले.

तिनं तीन नावं पुढं ठेवली. एक मेलचिंप, माकडाच्या चित्राचं. 2001 साली अमेरिकेत अटलांटाला सुरू झालं आणि 2021 मध्ये इंट्यूट कंपनीनं सुमारे 12 अब्ज डॉलरला विकत घेतलं. हे ऐकून आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पत्रं टाकण्याचे बारा अब्ज?" दुसरं ब्रेव्हो, फ्रान्सचं, आधी त्याचं नाव सेंडिनब्लू होतं. तिसरं झोहो कॅम्पेन्स, चेन्नईच्या कंपनीचं, ज्याचं बिल रुपयांत येतं. पैसे घ्यायची तऱ्हाही वेगवेगळी. कुणी यादीत नावं किती त्यावर पैसे घेतं, कुणी महिन्याला मेल किती जातात त्यावर. काही ठिकाणी तर यादीतून निघून गेलेल्यांचंही भाडं भरावं लागतं! आमच्यासारखीची यादी लांब आणि पत्रं वर्षाला चार, तिला मेल मोजून पैसे घेणारं परवडतं. दर आठवड्याला पत्र घालणारीला उलटं. हा हिशेब मी आज सांगते आहे. तेव्हा तो आम्ही केलाच नाही.

आम्ही निवडलं ते दिसण्यावर. या तिन्हींच्या पलीकडचं, फुकटातलं एक होतं, त्यातले नमुने फार देखणे होते. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात चूक त्याची नव्हती, माझी होती.

पहिले काही महिने गंमत वाटली. मजकुराचा ठोकळा, चित्राचा ठोकळा, बटणाचा ठोकळा, सगळे बोटानं ओढून रांगोळीसारखे मांडायचे. पहिली जाहिरात मी मोठ्या हौसेनं केली. पणत्या, तोरण, सोनेरी अक्षरं, सगळी मिळून एकच चित्र. निम्म्या जणींना काहीच दिसलं नाही. त्यांच्या मेलमध्ये चित्रं आपोआप उघडत नव्हती, आणि अक्षरंही चित्रातच, म्हणून नुसती पांढरी चौकट. मग कळलं की मजकूर मजकूर म्हणूनच लिहायचा, चित्र तोंडी लावण्यापुरतं. मेलची रुंदी साधारण 600 पिक्सेलच्या आत ठेवायची. आपल्याला आवडलेलं वळणदार अक्षर समोरच्या फोनवर जाईलच असं नाही. बहुतेक वेळा तो फोन त्याच्याजवळचं साधं देवनागरीच दाखवतो. जुन्या पत्रकातला मजकूर मी जसाच्या तसा चिकटवला, तर तो जुन्या फॉन्टातला असल्यामुळं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ झाली. पुन्हा सगळा टाइप करावा लागला. आणि मेल फार लांबला, 102 किलोबाइटच्या वर गेला, की जीमेल त्याचं शेपूट कापतं. 'मला पुन्हा पत्र नको' म्हणायची जागा त्या शेपटातच असते.

हे सगळं आम्ही शिकलो. चुकलो ते दुसरीकडेच.

वहीतली नावं संगणकात भरायचं काम मी घेतलं होतं. पंधरा दिवस दुपारची झोप सोडून भरली. 412 नावं. सॉफ्टवेअर एकेका बाईसाठी एक फॉर्म पुढं करायचं. आडनाव, नाव, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आवड. आणि सगळ्यांत आधी एक लहान रकाना, उपाधीचा. श्री. की सौ. की कुमारी. तो भरला नाही तरी चालत होतं. पण आपल्याला ताटातली एक वाटी रिकामी दिसली तरी चैन पडत नाही. मी भराभर भरत गेले. सौ., सौ., सौ. आवडीच्या रकान्यात वहीतल्या टिपा घातल्या. 'यजमानांना शेंगाचटणी.' 'नातवाला शंकरपाळी.' सुनेनं त्याचा सुरेख उपयोग केला. मजकुरात जिथं उपाधी यायची, जिथं नाव यायचं, जिथं आवड यायची, तिथं तिनं खुणा करून ठेवल्या. पाठवताना सॉफ्टवेअर आपलं आपण भरणार.

2023 ची दिवाळी जवळ आली. मेल तयार झाला. सून म्हणाली, "आधी एक तुम्हालाच पाठवते, नीट वाचा." मी वाचला. 'सौ.' आणि पुढं माझं नाव. 'यंदाही तुमच्या यजमानांच्या आवडीची शेंगाचटणी तयार आहे. नेहमीप्रमाणे अर्धा किलो बाजूला काढून ठेवू ना?' किती गोड वाटलं! मी सौ. होते, माझे यजमान शेजारच्या खोलीत घोरत होते. मला त्यात काही चुकलेलं दिसलंच नाही.

गुरुवारी सकाळी दहाला बटण दाबलं. दुपारपर्यंत एकवीस मागण्या आल्या. सून नाचायचीच बाकी होती. तीनच्या सुमारास सांगलीहून उत्तर आलं. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण. एकच ओळ होती.

"यंदा पाव किलो पुरे."

मी ती ओळ दोनदा वाचली, आणि मग हातपाय गार पडले. त्याच श्रावणात तिचे यजमान गेले होते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः सांगलीला जाऊन आले होते, दोन तास तिचा हात धरून बसले होते. माझ्या हातांना माहीत होतं. त्या रकान्याला नव्हतं. आणि पत्र रकान्यानं लिहिलं होतं, खाली सही माझी.

गेलेला मेल परत बोलावता येत नाही. पोस्टमन निदान कोपऱ्यावर गाठता यायचा.

मी फोन लावला. काय बोलावं सुचेना. "अगं, माझी चूक झाली," एवढंच म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यांना काय आवडायचं हे इतक्या दिवसांत कुणी बोललंच नव्हतं बघ. सगळे त्यांचं नाव टाळतात. तुझ्या पत्रात ते आलं. चुकून आलं, पण आलं." मग जरा थांबून, "ते 'सौ.' मात्र काढ. ते बघवलं नाही."

त्या रात्री सून पडद्यासमोर बसून होती. त्या सॉफ्टवेअरात कुणी मेल कधी उघडला, किती वेळा उघडला, हेही दिसायचं. तिनं हळूच मला दाखवलं. मैत्रिणीच्या नावापुढं आकडा होता, 7.

सून म्हणाली, "आत्ती, हे आकडे खरेच असतात असं नाही. 2021 पासून आयफोनच्या मेलमध्ये मशीनच आधी चित्रं उतरवून घेतं, तेही उघडलं म्हणून मोजलं जातं." असेल तसं. ते तिनं सात वेळा उघडलं की मशीननं, ते मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. पण तो आकडा बघताना मला दुसऱ्याच्या खिडकीच्या फटीतून आत डोकावल्यासारखं झालं. तिनं ते पत्र रात्री एकटीनं उघडलं असेल तर ते तिचं होतं. मला ते दिसायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंची वही काढली. खरं तर सबब शोधायला काढली होती. जुन्या वहीत 'सौ.' असेल, मी तसंच उतरवलं असेल. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिलं. एकाही नावामागं सौ. नव्हतं. 'सांगलीची, आमच्या सुनेची मैत्रीण,' असं होतं तिच्या नावापुढं. इतकी वर्षं सासूबाईंना कोण सौभाग्यवती आहे आणि कोण नाही याची नोंद लागली नव्हती. सासरे गेले तेव्हा त्या पंचेचाळीसच्या होत्या. वही त्याच्या दुसऱ्या वर्षी सुरू झाली. हे दोन्ही मला माहीत होतं, पण एकाशेजारी एक ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे ते सौ. मी घातलं होतं. कुणी मागितलं नव्हतं. रकाना रिकामा दिसला म्हणून.

अपरिग्रह आपल्याला लहानपणापासून सांगतात. धान्य किती, साड्या किती, दागिने किती. लोकांची माहितीही संग्रहच आहे, आणि तिला धान्यासारखं ऊन दाखवावं लागतं, नाहीतर कीड लागते, हे मला त्या दिवशी कळलं. 412 लग्नांचे वाढदिवस माझ्याकडे भरून ठेवले होते. त्यातले किती आता साजरे होत नसतील?

मग आम्ही पुन्हा सॉफ्टवेअर निवडायला बसलो. या वेळी नमुने आधी बघितलेच नाहीत. एका कागदावर प्रश्न लिहिले आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला तेच विचारले.

नको असलेले रकाने काढून टाकता येतात का, की ते रिकामे डोळे वटारून बघत राहतात? नाव नसेल तिथं पत्र काय म्हणेल, 'नमस्कार' म्हणून पुढं नुसताच स्वल्पविराम लोंबकळेल की 'नमस्कार मैत्रिणी' असं काही आपण ठरवून ठेवू शकतो? कुणी किती वेळा उघडलं ते मोजणं बंद करता येतं का? जिला पत्र नको तिला एका टिचकीत बाहेर पडता येतं का? आणि आम्हालाच उद्या बाहेर पडायचं असेल तर आमची सगळी यादी एका फाइलीत उचलून नेता येते का?

शेवटचा प्रश्न सुनेचा. पहिल्या ठिकाणाहून यादी काढताना ती रडकुंडीला आली होती. फाइल नुसती उघडली की सगळी देवनागरी नावं चिन्हांचा कचरा होऊन समोर यायची. शेवटी तिला कळलं की फाइल थेट उघडायची नाही, आत आयात करायची आणि तेव्हा यूटीएफ-8 निवडायचं. मग नावं परत माणसांची झाली.

आणखी एक गोष्ट मध्येच पुढं आली. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूनं मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. आपण आहोत ते आपणच, याचा तांत्रिक दाखला जोडायचा. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोय सक्तीची झाली. आम्ही 5000 च्या कुठं जवळ! पण फुकटच्या जीमेल पत्त्यावरून असे मेल पाठवले की ते अडकतात, म्हणून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा लागला. वर्षाला थोडे पैसे पडतात. मी म्हटलं, दुकानाला पाटी लागते, तशी ही पाटी.

सुनेनं मला एक जुनी हकिकतही सांगितली. 1978 साली अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्यानं संगणकाच्या जाहिरातीचा मेल एकदम सुमारे 400 जणांना पाठवला, कुणाला न विचारता. असा घाऊक जाहिरातीचा पहिला मेल तोच मानतात. लोक चिडले. त्याची विक्रीही झाली. "चारशे," मी म्हटलं. "आपण 412." दोघी हसलो, पण मला ते लागलं. आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं. वहीत नाव होतं ते चटणीसाठी.

म्हणून नव्या सॉफ्टवेअरवरून पहिलं पत्र गेलं ते विकायचं नव्हतंच. ना चित्र, ना पणत्या. तीन प्रश्न. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? पत्र मराठीत पाठवू की कन्नडमध्ये? आणि पत्र हवं का?

ते पाठवायच्या आधी आम्ही एक चाचणीची यादी केली. पाच खोटी नावं, पत्ते आमच्याच घरातले. एक बिननावाची, एक कन्नड वाचणारी, एक पुरुष, एक जोडआडनावाची, एक फार लांब नावाची. पाचही पत्रं मी फोनवर उघडून मोठ्यानं वाचली, जणू ती बाई मी आहे. सगळ्या धावपळीत उपयोगाची गोष्ट कुठली म्हणाल तर हीच. पत्र स्वतःला पाठवून कळत नाही. जी आपल्यासारखी नाही तिच्या नावानं वाचावं लागतं.

उत्तरं येत राहिली. "अक्का म्हणा." "नुसतं नाव, माझं स्वतःचं." "मला मेल उघडता येत नाही, लेक अमेरिकेतून उघडून फोनवर वाचून दाखवते, तर तिला म्हणा." एका गृहस्थांनी लिहिलं, "ती आता नाही. पण पत्र येऊ द्या, मीच मागवतो." बऱ्याच जणींनी काही कळवलं नाही, काहींनी नको म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं तेवढीच नावं ठेवली. 412 ची यादी 263 वर आली. सुनेचा चेहरा उतरला. "आत्ती, दीडशे गिऱ्हाइकं गेली." मी म्हटलं, "गिऱ्हाइकं नाही गेली, नावं गेली. ज्यांना पाहिजे त्या फोन करतीलच." त्या वर्षी विक्री थोडी कमी झाली, हेही खरं सांगायला हवं. पुढच्या वर्षी भरून आली, पूर्ण नाही.

आता आमच्या यादीत चारच रकाने आहेत. हाक, भाषा, मेलचा पत्ता, शेवटचं कधी मागवलं. बाकीचं मी पुन्हा लाल वहीत लिहायला लागले आहे, पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतं. दिवाळीचा मेल जायच्या आदल्या दिवशी मी वही आणि यादी शेजारी शेजारी ठेवून एकेका नावावर बोट ठेवते. दोन-अडीच तास लागतात. सून म्हणते हे सॉफ्टवेअर घेऊन उपयोग काय मग! मी म्हणते, पत्र पाठवायला घेतलंय, आठवायला नाही. दहा-बारा नावांशी बोट अडतं. त्यांना मेल जात नाही, त्यांना मी फोन करते. सासूबाईंसारखं अजूनही जमत नाही, पण करते.

हे सगळं ऐकून मैत्रीण दारात चपला घालत म्हणाली, "ते झालं. नाव तरी सांगशील की नाही?"

मी सांगितलं. तिनं फोनमध्ये लिहून घेतलं.

"त्याच्या आधी लेकीला एक विचार," मी म्हटलं. "तिच्याकडे वही आहे का?"